वेताळाचं माप

सकाळी ६.५०

शटर अर्धंच वर जातं. पुढं गंज आहे. मास्तर वाकून आत शिरतात, दिवा लावतात, देवाच्या फोटोला हात जोडतात आणि लगेच दोरीकडे वळतात. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या अंगाला १० बाय १२ चा गाळा. वर पोटमाळा. भाडं महिना ४,५०० रुपये, लाइटबिल वेगळं. पाटीवर एवढंच : ड्रेपरी भाड्याने मिळेल.

डिसेंबरचा तिसरा आठवडा आहे. शाळांची गॅदरिंग सुरू झालीत. आतापासून २६ जानेवारीपर्यंत जे मिळेल त्यावर उन्हाळा काढायचा. मे महिन्यात कोण मावळा व्हायला येतोय?

काल रात्री परत आलेला माल दोरीवर आहे. दोन शिवाजी महाराज, तीन मावळे, एक जिजाऊ, एक शक्तिमान. मास्तर एकेका अंगरख्याची काख हुंगतात. वास असला की बादलीत, नसला की इस्त्रीला. मावळ्याच्या शेल्यावर आइस्क्रीम सांडलंय. शक्तिमानाच्या छातीवरचं सोनेरी चक्र एका बाजूनं उसवलंय.

"पोरगं नाचलेलं दिसतंय," मास्तर म्हणतात आणि सुई ओवतात.

शक्तिमान १९९७ मध्ये दूरदर्शनवर आला, २००५ मध्ये गेला. आज दुसरीत असलेल्या पोरानं तो कधी पाहिलेला नाही. तरी दर सीझनला हा पोशाख सात-आठ वेळा बाहेर जातो. मागणारा बाप असतो. पोरगं मागं उभं राहून बॅटमॅनकडे बघत असतं.

सकाळी ८.२०

वहिनी डबा घेऊन येतात. गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. पाठोपाठ मालगावची पोरगी, वडापनं. सीझनपुरती ती ओव्हरलॉकवर बसते. ४०० रुपये रोज, दोन वेळचा चहा. आली की आधी मशीनवरचं कापड काढायचं, काल साचलेला दोऱ्यांचा भुसा ब्रशनं झाडायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे, मग चारही रिळं ओवायची. एक दोरा चुकला तरी टाका सुटतो.

"काका, सुई कुठली लावू?"

"बॉलपॉइंट. आज लायक्रा आहे."

साधी सुई टोकदार असते, ती ताणाच्या कापडाचा धागा तोडते. धुतल्यावर तिथून भोक पडतं. बॉलपॉइंटचं टोक गोलसर असतं, ते धाग्याला बाजूला सारून खाली जातं. पाकीट महाग पडतं, पण भाड्याचा कपडा एका अंगावरून दहा अंगांवर जायचा असतो. शिलाई टिकली पाहिजे.

सकाळी ९.१०

पहिलं काम स्पायडरमॅनचं. ऑर्डर परवा आली. तिसरीतला मुलगा, आणि शाळेचा कागद. कागदावर लिहिलेलं : वेशभूषा भारतीय संस्कृतीला धरून असावी. मुलाला स्पायडरमॅनच व्हायचं होतं. आईनं तोडगा मोबाइलवर शोधून आणला. स्पायडरमॅन, पण धोतर नेसलेला.

हा तोडगा तिच्या डोक्यातला नाही. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन १९६२ चा, न्यूयॉर्कचा. २००४ मध्ये त्याला मुंबईत आणून चार अंकांची कॉमिक मालिका काढली गेली. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. मे काकूची माया काकू, बेन काकांचे भीम काका. पोराला कोळी चावला नाही, एका योग्यानं शक्ती दिली. चित्रं जीवन कांग यांची, आणि त्यांनीच त्याला धोतर नेसवलं. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तोच पवित्र परत आला, या वेळी मुखवट्याच्या वरून केस बाहेर काढून. भारतात तो सिनेमा १० भाषांत लागला, त्यांत मराठी होती. मुलानं तो तिथं पाहिला.

मास्तरांनी सिनेमा पाहिलेला नाही. त्यांच्यापुढं आईनं पाठवलेले फोटो आहेत आणि पुठ्ठ्याचं कटिंग आहे. पुठ्ठ्यावर पेननं लिहिलेलं : स्पा. ८ वर्ष.

"वरचा भाग तोच," ते म्हणतात. "केसांना जागा सोडायची आणि खाली धोतर. झाला मुंबईचा."

सकाळी ९.४०

कात्री चालते. लायक्रा टेबलावर सरळ राहत नाही, कडेनं गुंडाळी होते. म्हणून चारी बाजूंनी वजनं : दोन लोखंडी मापं, एक बंद पडलेली इस्त्री, एक वीट कापडात गुंडाळलेली. ताण कुठल्या दिशेनं आहे ते मास्तर दोन्ही हातांनी ओढून बघतात. तो अंगाभोवती आडवा यायला हवा. उभा आला तर पोरगं खाली बसलं की शिवण उसवते.

सुती कपडा अंगापेक्षा मोठा कापायचा, लायक्रा अंगापेक्षा लहान. छाती २५ इंच, तर कापड २३. मग तो अंगावर बसतो. वर भाड्याचा हिशेब : शिलाईच्या आत जरा जास्त कापड ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी जाडजूड पोरगं आलं तर उसवून वाढवता येतं.

लाल लायक्रा १ मीटर २४० रुपये, निळी पाऊण मीटर १८०, धोतराचं कापड ९०, झिप-इलास्टिक-दोरा ४५, रंग ५०. एकूण ६०५. सगळं कालच आणलेलं. भाडं ठरलंय ३५०. दोन वेळा गेला की कापड सुटतं. तिसऱ्यापासून मास्तरांचे.

धोतर नेसवायचं नाही, शिवायचं. कमरेला इलास्टिक, निऱ्या शिलाईत पक्क्या, काष्टा मागं टाक्यात. मुंजीतल्या बटूंसाठी बाजारात मिळतं तसलंच. स्टेजच्या मागं बाई एकटी आणि पोरं चाळीस असतात. तिथं नेसवत कोण बसणार?

सकाळी ११.००

वहिनींचा हात सुरू होतो. लाल कापड पाटावर ताणून पिना लावल्यात. काळा फॅब्रिक रंग त्यांनी मेंदीच्या रिकाम्या कोनात भरलाय. लग्नसराईत त्या मेंदी काढतात, एका हाताचे १५० घेतात. इथं कोळ्याचं जाळं काढायचं.

आधी मध्यबिंदू, नाकाच्या जागी. तिथून बाहेर जाणाऱ्या रेघा. मग त्या रेघांना जोडणारे आतल्या बाजूला झुकलेले छोटे कमानदार धागे. रेघ बाहेर झुकली की जाळं फुग्यासारखं दिसतं, म्हणून प्रत्येक कमान आत ओढायची. कोनाचा दाब सारखा हवा. हात थांबला तर ठिपका पडतो, आणि लायक्रावर पडलेला ठिपका निघत नाही. वहिनी कमान काढताना श्वास धरतात, संपली की सोडतात.

छातीवर कोळी काढायचा. फोटोतलं नक्षीकाम बघून त्या म्हणतात, "हे तर आपलं रांगोळीतलंच हाय की." कोळ्याभोवती दोन वाढीव पाकळ्या येतात. फोटोत त्या नाहीत.

"अगं, तसं नाही त्यात."

"असू दे. भरल्यासारखं वाटतंय."

सकाळी ११.४०

एक आजोबा येतात. रेल्वेतून निवृत्त, सगळी नोकरी मिरज जंक्शनवर. सोबत नातू, दुसरीतला. काखेत रेक्झिनच्या बांधणीचा जाड ठोकळा.

"मास्तर, वेताळ पाहिजे. उद्या सकाळी १० ला गॅदरिंग."

"उद्या? आणि आज सांगताय साहेब?"

"पोरगा काल रात्री तयार झाला."

नातू तयार दिसत नाही. तो स्पायडरमॅनच्या लाल कापडाकडे बघतोय.

ठोकळा उघडतो. आत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, पिवळे पडलेले. ली फॉकचा फँटम अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ पासून येऊ लागला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल सुरू केलं, पहिल्याच अंकापासून हाच नायक, किंमत ६० पैसे. मराठीत तो महाबली वेताळ झाला. इथल्या वाचकासाठी आणखी बरंच उसवलं आणि शिवलं गेलं. मूळ कथांतल्या देशाचं नाव बंगालशी घोटाळा करणारं होतं, ते देंकाली केलं. रामा नावाचा एक खुनी होता, त्याचा रामालू केला. पेपरातल्या रोजच्या पट्ट्या कापून, काही चौकटी गाळून, पानात बसवल्या. आणि पोरांना वाटलं, वेताळ आपलाच. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं.

मास्तर पानं उलटतात. गोष्ट वाचत नाहीत, पोशाख बघतात. अंगभर जांभळा, डोक्याला घट्ट टोपी, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि वरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

"चड्डी वरून?"

"वरूनच."

"पोरं हसतील ओ."

"आम्ही नाही हसलो कधी."

नातू पहिल्यांदा बोलतो. "हा काय करतो?"

आजोबा सांगायला लागतात. १५३६ मध्ये जहाज बुडालं, चाच्यांनी बापाला मारलं, वाचलेल्या मुलानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तो मेल्यावर त्याच्या मुलानं तोच पोशाख घातला, मग त्याच्या मुलानं. लोकांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. हा एकविसावा.

मास्तर टेप गळ्यात टाकतात. "एकवीस जणांना एकच पोशाख? माप कसं बसलं?"

आजोबा थांबतात. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही.

"शिंपी असणार," नातू म्हणतो.

भाडं ४०० ठरतं. अनामत ५००. छाती २४, उंची ४८, डोक्याचा घेर २०.

दुपारी १.००

जांभळी लायक्रा जवळच्या दुकानात नाही. दुकानदार वांगी रंग दाखवतो. आजोबांनी बजावलंय, वांगी नको. दुसऱ्या दुकानात मिळते, दीड मीटर, ३६० रुपये. पट्ट्यांसाठी काळी फीत ३०, झिप १५. मास्तर सायकलवरून परत येतात तेव्हा भाजी मंडई उठायला लागलेली असते.

डबा : भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा. जेवताना मास्तर पोटमाळ्याकडे बोट दाखवतात. वर वडिलांच्या वेळची पेटी आहे. वडील नाटकवाल्यांचे कपडे शिवायचे. या भागात त्याला तोटा नव्हता. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून राजा, राक्षस, विदूषक लागतच आलेत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. पेटीत अजून मखमलीचे दोन कोट आहेत, जर काळी पडलेली. गिऱ्हाईक नाही.

"त्यांतल्या एकाचा मी अफझलखान केला," मास्तर सांगतात. "मस्त चालतो."

दुपारी २.१५

वीज जाते. ओव्हरलॉक थांबतं. मास्तर पायाच्या मशीनवर जातात, वेताळाची चड्डी तिथं होईल. काळ्या फिती तिरक्या लावायच्या. सरळ लावल्या तर कैद्यासारखी दिसते. ताणाच्या कापडावर न ताणणारी फीत बसवणं अवघड. कापड ओढून धरायचं आणि फीत सैल सोडायची, म्हणजे अंगात गेल्यावर दोन्ही सारखी होतात. पहिली फीत चुण्या खाते. उसवतात. दुसरी बसते.

मग ते चड्डी बाजूला ठेवून बघतात आणि वरची कड दोन बोटं खाली दुमडतात. त्यावर रुंद पट्टा येईल. पट्टा मोठा दिसला की चड्डी कमी दिसते. पोराचं हसं होणार नाही, आजोबांची चड्डीही राहील.

दुपारी ३.३०

वीज येते. मालगावची पोरगी जांभळे तुकडे घेते आणि पाय दाबते. बाजू, बाह्या, पाय. कापड सुईखाली ढकलायचं नाही, ओढायचंही नाही, नुसतं वळवायचं. कापलेली कड सुरळी होऊन खाली डब्यात पडत राहते. अर्ध्या तासात अंग तयार होतं. उलटं करून ती दोन्ही हातांनी शिलाई ताणते. तुटत नाही.

टोपीचं काम मास्तर स्वतः करतात. चार पाकळ्या, कानावरून घट्ट. डोळ्यांच्या पट्टीला आतून काळी जाळी. वेताळाचे डोळे कधी दिसत नाहीत, पण पोराला पायऱ्या दिसल्या पाहिजेत. मागं वेल्क्रो. दर वर्षी एखादं पोरगं मुखवट्यात घाबरतं, म्हणून एका हातानं ओढून निघेल असंच करायचं.

सायंकाळी ५.४५

ट्रायल. नातू पडद्यामागून येतो. पोशाख बसलाय, पोरगं बसलेलं नाही. खांदे पडलेत, हात कुठं ठेवावेत कळत नाही. आरशात बघून म्हणतो, "जोकर वाटतोय."

आजोबा गप्प. वहिनी हसू दाबतात.

मास्तर विचारतात, "साहेब, ह्याच्याकडं हत्यार काय?"

"पिस्तुलं. पण खरी गंमत अंगठीची. ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उठतो. जन्मभर जात नाही."

नातू वळतो. "खरंच उठतो?"

मास्तर मालगावच्या पोरीला स्टेशनरी दुकानात पिटाळतात. कवटीची धातूची अंगठी, ४० रुपयांची, दोन. खोडरबर दोन, १०. शाईचं पॅड ३०. खोडरबराचा तुकडा कापून मास्तर ब्लेडच्या टोकानं कोरायला बसतात. चष्मा कपाळावर, रबर नाकाशी. दोन गोल डोळे खणून काढले. नाकाचा त्रिकोण. खाली दातांसाठी चार उभे काप. दात उलटे येणार की सुलटे, याचा विचार करावा लागत नाही, कवटी दोन्हीकडून सारखीच. फेविक्विकचा एक थेंब, अंगठीवर दाबून धरलं.

पहिला ठसा आजोबांच्या मनगटावर. दुसरा पावतीपुस्तकावर. तिसरा पोरीच्या हातावर. चौथा मास्तरांच्या टेबलावर, तो आता तिथंच राहील.

"दुसरी अंगठी कशाला?"

"डाव्या हाताची. तिचा ठसा चांगल्या माणसाला. ज्याच्यावर असेल त्याला कुणी हात लावायचा नाही. वेताळाचं संरक्षण."

दुसऱ्या रबरावर एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी. हे काम जास्त बारीक, एक तलवार तुटते, मास्तर ती तशीच ठेवतात. नातू उजवा-डावा हात पाठ करतो. आता त्याचे खांदे वर आलेत. चड्डीचं कुणी काही बोलत नाही.

मास्तर टोपीला आतून दोन टाके घालेपर्यंत तो ठोकळा मांडीवर घेऊन बसतो. शाळा इंग्रजी माध्यमाची. फुग्यातली मराठी अक्षरं बोटानं धरत, अडखळत वाचतो. जोडाक्षर आलं की आजोबांकडे बघतो. शेवटचं पान चिकटलेलं आहे, सुटत नाही.

"पुढं काय झालं?"

"पुढचा अंक आपल्याकडं नाही. आईनं रद्दीत दिले बरेच." आजोबांची आई म्हणजे नातवाची पणजी. आता त्यातल्या एकेका अंकाचे ऑनलाइन शेकडो रुपये मागतात.

अंगठ्यांचे १२० वेगळे. आजोबा काही न बोलता देतात.

सायंकाळी ७.१५

गर्दी. स्कूटर गल्लीत लागलेल्या. दोन शिवाजी महाराज प्रत्येकी ३००, तीन मावळे १५०, जिजाऊ २५०, शक्तिमान २५०. महाराजांची तलवार देताना मास्तर दर वेळी तेच सांगतात : प्लॅस्टिक आहे, मोडली तर ८० कापणार.

स्पायडरमॅनची आई येते. मुलगा तिथंच घालतो. मुखवट्यावरून केस बाहेर काढतो, विस्कटतो, दोन्ही हात पुढं करतो. धोतराची निरी जागच्या जागी.

"मास्तर, कोळ्याभोवती हे काय आहे? फोटोत नव्हतं."

"मिरजेचा आहे ताई हा," वहिनी आतून म्हणतात.

शक्तिमान घ्यायला आलेला बाप वेताळाकडे बघत उभा आहे. "हा कितीला?" मास्तर सांगतात, गेला उद्याचा.

रात्री ९.२०

हिशेब. आलेले : ६००, ४५०, २५०, २५०, ३५०, ४००, १२०. बेरीज २,४२०. गेलेले : आजचं कापड आणि सामान ४०५, अंगठ्या-रबर-शाई १२०, पोरीचा रोज ४००, चहा ८०. गाळ्याचे दिवसाचे १५०. कालचं कापड ६०५. उरले ६६०. अनामत वेगळ्या पिशवीत, ती आपली नाही. वहिनी दोनदा बेरीज करतात.

मास्तर झोपायच्या आधी एक काम उरकतात. वेताळाच्या मापाचं नवं पुठ्ठ्याचं कटिंग. कडा कापतात, भोक पाडतात, दोरी ओवतात, वर लिहितात : वे. ८ वर्ष. मग उरलेली जांभळी लायक्रा मोजतात.

"आणखी एक शिवताय?" वहिनी विचारतात. "कोण घेणार?"

"तो शक्तिमानवाला विचारत होता की."

"आणि नाही घेतला तर?"

"तर जोकर करू. त्याचा कोट जांभळाच असतो."

वहिनी वहीत अर्धा मीटरचे १२० रुपये लिहून ठेवतात.